खोट्याचा माग

दीप्तिमान ऊर्जा ही बॅटऱ्या बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा सांगलीच्या पद्मजा मगदूम यांनी पहिले दोन दिवस सगळ्यांनी केलं तेच केलं. बातम्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि ताटातलं अन्न तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कंपनीचा चार वर्षांपूर्वीचा चाचणी-अहवाल मिळवला, त्याच्या परिशिष्टातले दोन आलेख मोठे करून छापले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले.

बत्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. दोन मुलींची उत्तरं बरोबर आली तर त्यात नवल नसतं, पण दोघींच्या चुकाही सारख्याच असल्या की एकीने दुसरीचं पाहून लिहिलंय हे उघड असतं. इथे दोन वेगळ्या सेलचे, दोन वेगळ्या वर्षी मोजलेले म्हणून दिलेले आलेख होते. त्यांच्या रेषा जुळत होत्या, आणि रेषांवरची बारीक थरथरही जुळत होती. प्रत्येक मापनात अशी थरथर असते, आणि ती दोनदा सारखी कधीच येत नाही. याचा अर्थ दुसरा सेल कुणी मोजलाच नव्हता. तीस वर्षं टिकणारी म्हणून ज्या सोडियम बॅटरीच्या भरवशावर लोकांनी शेअर घेतले, तिची निम्मी चाचणी कागदावरच झाली होती.

हे दोन आलेख पुण्याच्या ॲडव्होकेट इरावती घारपुरे यांच्याकडे पोचले आणि सामूहिक दावा उभा राहिला. एकेकट्याने कंपनीशी भांडणं परवडणार नव्हतं, म्हणून एकतीस हजार गुंतवणूकदारांनी मिळून एकच दावा लावला. अशा दाव्यात सगळ्यांच्या वतीने सही करायला एक प्रतिनिधी लागतो. पद्मजाबाईंशिवाय दुसरं नाव कुणी सुचवलंही नाही. सांगली-मिरजेतल्या अर्ध्या इंजिनिअर आणि नर्स त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या. शिवाय त्या तोलून मापून बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिले आठ महिने दावा चांगला चालला. आलेखांचं खोटेपण कंपनीच्याच तज्ज्ञाने कबूल केलं. प्रवर्तकांची मालमत्ता गोठवली गेली. मग एका सुनावणीत कंपनीचे वकील निरंजन सबनीस उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले की आलेख खोटे होते हे आम्हाला मान्य आहे, पण ते कुणी पाहिले? परिशिष्ट उघडल्याची नोंद फक्त नऊशे जणांची आहे. उरलेले तीस हजार लोक नेमके कशावर विसंबले, ते शोधायला न्यायपीठाने ‘माग’ वापरायला परवानगी द्यावी.

माग तेव्हा नवीन राहिला नव्हता. २०४३ सालापर्यंत बोलणं जपून ठेवणं ही फोनची साधी सोय होऊन गेली होती. किल्ल्या कुठे ठेवल्या, डॉक्टर काय म्हणाले, हे माणसं फोनलाच विचारत आणि तो सांगत असे. ही साठवण मोहोरबंद असायची. ती उघडायला मालकाची संमती किंवा न्यायालयाचा हुकूम लागे. माग एवढंच करायचा की हजारो लोकांच्या साठवणीतून एखादं वाक्य कुठून कुठे गेलं ते शोधायचा. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना त्याच्या जनुकांत एखाददुसरं अक्षर बदलतं, आणि त्या बदलांवरून कुणाचा आजार कुणाकडून आला हे मांडता येतं. वाक्याचंही तसंच असतं. सांगणारा एखादा शब्द गाळतो, एखादा घालतो, क्रम फिरवतो, आणि पुढचे सगळे तो बदल जसाच्या तसा वाहून नेतात. या बदलांवरून माग वाक्याचा वंशवृक्ष काढायचा. अफवा पसरवणाऱ्यांच्या खटल्यांत त्याची चूक अजून कुणी दाखवू शकलं नव्हतं.

इरावतींनी पद्मजाबाईंना स्पष्ट सांगितलं की संमती देऊ नका. दाव्यात सामील होताना सगळ्या गुंतवणूकदारांनी हा अधिकार प्रतिनिधीकडे दिला होता, त्यामुळे बाईंची एक सही पुरेशी होती आणि तीच थांबवता येण्यासारखी होती. फसवणूक सिद्ध झालीय, आता आणखी खणू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

पद्मजाबाईंना हे पटलं नाही. मापनाला घाबरायचं ते खोटं बोलणाऱ्याने. सगळ्या फांद्या शेवटी कंपनीच्याच बुंध्याशी जाणार, आणि मग सबनीसांना बोलायला जागाच उरणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तरी त्यांनी मुमताज बारगीर यांना विचारलं. मुमताज त्याच शाळेत हिंदी शिकवायच्या. शिक्षकखोलीत सव्वीस वर्षं दोघींच्या खुर्च्या शेजारी होत्या. निवृत्तीचे सगळे पैसे मुमताजनी दीप्तिमानमध्ये घातले होते. त्या म्हणाल्या, तुला योग्य वाटत असेल तर कर, मला त्यातलं काय कळतं.

पद्मजाबाईंनी सही केली.

मागाचा निकाल यायला सात आठवडे लागले. इरावतींनी त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती, कार्यालयातले सगळे जेवायला गेले होते. पडद्यावर वंशवृक्ष होता. बुंध्याशी कंपनीचं मूळ वाक्य होतं: ‘प्राथमिक चाचण्यांवरून तीस वर्षांच्या आयुष्याची अपेक्षा करता येते.’ त्या वाक्यातून फुटलेल्या बऱ्याचशा फांद्या चार-पाच माणसांत सुकून गेल्या होत्या. ‘अपेक्षा करता येते’ हे ऐकून कुणी कष्टाचे पैसे लावत नाही. मात्र काही फांद्या डेरेदार झाल्या होत्या. त्यातली सगळ्यांत मोठी दक्षिण महाराष्ट्रभर पसरलेली होती आणि तिचं वाक्य वेगळं होतं: ‘तीस वर्षं टिकतो, चाचणीत सिद्ध झालंय.’

कंपनीने हे वाक्य कधीच, कुठेच म्हटलं नव्हतं.

“हे जिथे पहिल्यांदा आलं ती जागा दाखवते,” इरावती म्हणाल्या. “मॅडम, तुम्ही आधी पाणी घ्या.”

चौदा नोव्हेंबर, संध्याकाळी पाच चाळीस. खणभाग, मुमताज बारगीर यांचं घर. बोलणारी व्यक्ती पद्मजा मगदूम. त्या वाक्याखाली, कुणी कुणाकडून ऐकलं याच्या बारीक रेषांना लटकलेली अकरा हजार चारशे छत्तीस माणसं होती.

पद्मजाबाईंनी नाकारलं नाही. त्यांना ती संध्याकाळ आठवत होती. मुमताजनी तीनदा विचारलं होतं, नीट सांग, टिकतो की नाही, मला आलेख-बिलेख कळत नाहीत. मग त्यांनी नीट सांगितलं होतं.

मागाचा अहवाल जाहीर झाला तशी सांगलीतली हवा पालटली. कुणी भांडायला आलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं पद्मजाबाईंना नंतर वाटत राहिलं. औषधाच्या दुकानातली त्यांची जुनी विद्यार्थिनी पूर्वी उठून उभी राहायची, ती आता कागदाकडे बघून गोळ्या द्यायची. दाव्यातल्या लोकांना आपापली फांदी पाहायची मुभा होती. आपल्याला कुणी सांगितलं, आणि आपण कुणाला, हे घराघरांत लोक पाहत होते. साडू साडूशी बोलेना. एका बँकेतल्या कॅशियरच्या नावाखाली चारशे माणसं निघाली आणि त्याने बदली मागून घेतली.

पद्मजाबाईंचा धाकटा भाऊ भरतेश हळदीच्या बाजारात अडत्या होता. त्याच्या खाली सहाशे जण होते, सगळे बाजारातले. तो एकदा येऊन गेला. म्हणाला, सौद्याच्या वेळी लोक माझ्याशी हातरुमालाखाली बोटांनी भाव ठरवतात, पण तोंडाने बोलत नाहीत. मी त्यांना सांगितलं की मला अक्काने सांगितलं. एवढं बोलल्यावर आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं.

मुमताज आल्या त्या आठव्या दिवशी. नेहमीच्या खुर्चीवर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

“तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी कंपनीचं काही वाचलं नव्हतं, पद्मजा. कंपनीचं नावसुद्धा मला नीट घेता येत नव्हतं. मी तुझं ऐकलं.”

मुमताजनी डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि फाटक लावून गेल्या.

त्याच आठवड्यात सबनीसांचा प्रस्ताव आला. मागाचा निष्कर्ष पद्मजाबाईंनी प्रतिनिधी म्हणून लेखी मान्य करावा. मग कंपनी इतर फांद्यांवरचा वाद सोडेल आणि उरलेल्या वीस हजार लोकांची भरपाई महिन्याभरात देईल. ते अकरा हजार मात्र कंपनीच्या शब्दावर विसंबले नव्हते, म्हणून ते या दाव्यातून बाहेर पडतील. त्यांना हवं तर त्यांनी आपल्या उगमावर वेगळा दावा लावावा. उगम म्हणजे पद्मजा मगदूम. मान्य केलं नाही तर अपिलं होत राहतील, सात-आठ वर्षं सहज जातील, आणि दाव्यातले कितीतरी लोक सत्तरीच्या पुढचे होते. इरावतींनी हे सगळं फोनवर एका दमात सांगितलं आणि म्हणाल्या की वकील म्हणून मी तुम्हाला एक सांगेन, माणूस म्हणून दुसरं, तेव्हा मला विचारू नका.

पद्मजाबाईंनी चार दिवस मागून घेतले.

त्या चार दिवसांत त्यांनी प्रयोगवहीत लिहावं तसं लिहून काढायला घेतलं. ‘चाचणीत सिद्ध झालंय’ हे मी म्हणाले. मी न तपासता बोलत नाही. मग कुठली चाचणी? कंपनीचा अहवाल तेव्हा मी वाचलेलाच नव्हता. एवढं लिहिल्यावर त्यांचा हात थांबला, कारण चाचणी त्यांनी स्वतः केली होती.

त्या नोव्हेंबरच्या आधी, सप्टेंबरात, पद्मजाबाई अजून शिकवत असताना, मृणाल देवस्थळे नावाच्या एक बाई शाळेत आल्या होत्या. कंपनीच्या विज्ञान-प्रसार विभागात होत्या. चाळिशीच्या, शांत, फार न बोलणाऱ्या. प्रयोगशाळेत त्यांनी एका सेलवर छोटा पंखा चालवून दाखवला. पद्मजाबाईंनी विचारलं होतं की खरंच तीस वर्षं टिकतो का? त्यावर देवस्थळेबाई नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुम्हीच मोजून पाहा ना.” सेल त्यांनी तिथेच ठेवला. पद्मजाबाईंनी तो सहा आठवडे रोज भरला, रोज उतरवला, आकडे मांडले. सेल अप्रतिम होता. झीज इतकी कमी की गणिताने तीस काय, पस्तीस वर्षं निघत होती. देवस्थळेबाई नंतर येऊन सेल परत घेऊन गेल्या.

तो सेल कंपनीच्या कारखान्यात बनणाऱ्या सेलसारखा नव्हता, हे आता उघड होतं. आवरण कंपनीचं असेल, आतला माल दुसऱ्या कुणाचा तरी, महागडा. पण मागाला हे दिसणं शक्यच नव्हतं. माग शब्दांच्या पाठीमागे जायचा, आणि देवस्थळेबाई एक शब्दही खोटं बोलल्या नव्हत्या. खोटं वाक्य तयार करायचं काम त्यांनी एका खरं बोलणाऱ्या बाईवर सोपवलं होतं.

एक प्रश्न उरला. राज्यभर हजारो शाळा असताना त्या याच शाळेत, याच प्रयोगशाळेत का आल्या?

त्यांनी इरावतींना फोन केला. वाक्य मागे नेऊन त्याचा उगम काढता येतो, तसं उलट जाऊन, वाक्य अजून बोललं गेलेलं नसताना, ते कुणाच्या तोंडून निघालं तर दूर जाईल हे काढता येतं का, असं विचारलं. इरावती म्हणाल्या की तत्त्वतः काहीच अडचण नाही. कुणाचं बोलणं लोक शब्द न बदलता पुढे सांगतात, एवढंच शोधायचं. मोहोरबंद साठवण उघडायचीही गरज नाही. उघड्यावर लिहिलेलं, सभांतलं, शाळांच्या कार्यक्रमांतलं बोलणं पुरेल.

प्रस्ताव नाकारला गेला. त्याऐवजी इरावतींनी अर्ज केला की कंपनीने दाव्याच्या आधी मागाचा वापर केला असेल तर त्याची सगळी कागदपत्रं हजर करावीत. सबनीसांनी तीन सुनावण्या विरोध केला. चौथ्या सुनावणीला न्यायपीठाने कंपनीचा संगणक-साठा ताब्यात घ्यायचा हुकूम दिला. तोवर दाव्यातल्या कित्येकांनी पद्मजाबाईंना पत्रं लिहिली होती की तुम्ही स्वतःला वाचवायला आमचे पैसे अडकवताय. त्यातल्या एका पत्राखाली मुमताजच्या मुलाची सही होती.

साठ्यात यादी सापडली. दोनशे चौदा नावं होती. एक डॉक्टर, दोन कीर्तनकार, तालमीचे एक वस्ताद, पतपेढीच्या निवृत्त व्यवस्थापक बाई, आणि पुष्कळसे शिक्षक. प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्या शब्दाला किती वजन आहे याचा आकडा होता, आणि पुढच्या रकान्यात काय करायचं ते. कुणाला कारखाना दाखवायचा, कुणाच्या संस्थेला सौरदिवे द्यायचे.

पद्मजाबाईंचं नाव सतरावं होतं. इरावतींनी तो पडदा त्यांच्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीकडे गेल्या.

‘स्वतः मोजल्याशिवाय बोलत नाही. मोजू द्यावे.’

पद्मजाबाईंनी ते एकदाच वाचलं. फसवणारा आपल्यातल्या हावेवर किंवा भोळेपणावर नेम धरतो असं त्या मानत आल्या होत्या. इथे त्यांच्या आयुष्यभराच्या शिस्तीवर नेम धरलेला होता, आणि तो लागला होता.

निकाल दावेदारांच्या बाजूने लागला. यादीतल्या माणसांचा कंपनीने हत्यारासारखा वापर केला, त्यामुळे त्यांच्या तोंडून गेलेला शब्द हा कंपनीचाच शब्द, असं न्यायपीठाने म्हटलं. एकतीस हजारांतल्या प्रत्येकाला भरपाई ठरली. वर्षभरात ती मिळालीही. मुमताजना मिळाली. त्यांनी फोन केला, माझ्या मुलाचं मनावर घेऊ नकोस म्हणाल्या, ईदला ये म्हणाल्या. पद्मजाबाई गेल्या. शीरखुर्मा खाल्ला, नातवंडांची चौकशी केली. टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली तेव्हा मुमताजनी सवयीने विचारलं की हे पाणी गाळायचं यंत्र बरं असतं का गं, आणि दोघीही एकदम थबकल्या. मग मुमताजच म्हणाल्या, जाऊ दे, मुलगा बघेल.

कारण निकालाच्या अठ्ठ्याऐंशीव्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट होती. मागाचं शास्त्र न्यायपीठाने निर्दोष ठरवलं होतं. या प्रकरणातल्या दोनशे चौदा जणांना माफी होती, कारण त्यांच्याविरुद्ध कट झाला होता. यापुढे मात्र जी व्यक्ती एखाद्या वस्तूविषयी स्वतःच्या शब्दांत खात्री देईल, तिच्यावर त्या खात्रीची जबाबदारी राहील. बारा ओळींचा परिच्छेद होता. पद्मजाबाईंच्या दाव्यामुळेच तो लिहिला गेला होता.

हळूहळू त्याचे परिणाम दिसू लागले. शिक्षिका धडा वाचून दाखवू लागल्या, समजावून सांगेनात. भाजीवाल्याला वांगी कोवळी आहेत का विचारलं तर तो म्हणायचा, तुम्ही बघून घ्या. विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी ‘शब्दविमा’ काढला आणि वकील, वैद्य, आचारी, सगळ्यांनी तो घेतला. ज्यांना परवडत नव्हता ती माणसं बोलायची कमी झाली. आणि अशा शांततेत ज्यांच्याकडे भरपूर पैसा होता त्या कंपन्यांच्या जाहिराती तेवढ्या मोठ्याने ऐकू येत राहिल्या.

दोन वर्षांनी, माघात, भरतेश आला. सकाळची वेळ होती. पायऱ्या चढून आल्यावर त्याला बोलायला वेळ लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाची एक झडप गेलीय. रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली नवी झडप बसवता येते. म्हणजे नेमकं सांगितलं असंही नाही. डॉक्टरांनी सतरा पानांचा कागद हातात दिला होता आणि खाली सही घेतली होती की मला माहिती मिळाली, सल्ला मिळालेला नाही. करू का नको असं त्याने तीनदा विचारलं. डॉक्टर तिन्ही वेळा कागदाकडे बोट दाखवून गप्प राहिले.

“अक्का, तू वाच,” भरतेश म्हणाला. “मला यातलं काय कळणार.”

पद्मजाबाईंनी ती पानं ठेवून घेतली. चार दिवस त्या झडपेवरचे मिळतील तेवढे अभ्यास वाचत बसल्या. आलेख छापून काचेवर धरून पाहिले. सात वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांशी संबंध नसलेली मापनं होती, आणि प्रत्येकाची थरथर वेगळी होती. शस्त्रक्रिया केली तर शंभरातले चौऱ्याण्णव पाच वर्षांनंतर जिवंत होते. न केली तर निम्मेही नव्हते. पण हेच वाचताना त्यांना दुसरंही दिसत होतं. हे सगळं कुणीतरी आपल्यासाठीच मांडून ठेवलं असेल तर? आपण वाचणार, पारखणार आणि मग बोलणार, हे आजही कुणाच्या तरी यादीत लिहिलेलं असेल तर? हे तपासायला त्यांच्याजवळ काहीच साधन नव्हतं.

पाचव्या दिवशी भरतेश आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवलं. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

“करून घे,” त्या म्हणाल्या. “उशीर करू नकोस. झडप चांगली आहे.”

किती तरी दिवसांत त्यांनी कुणाला असं काही सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि भरतेशच्या चेहऱ्यावरही क्षणभर जुना, बहिणीच्या मागे मागे चालणारा भाऊ दिसला. मग त्याने मान खाली घातली.

“हे लिहून देशील का?” तो म्हणाला. “घरी सगळे म्हणतात, उद्या काही कमी-जास्त झालं तर…”

त्याने वाक्य पुरं केलं नाही. पद्मजाबाईंनी उठून कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की भरतेशने झडपेची शस्त्रक्रिया करून घ्यावी, झडप विश्वासार्ह आहे, हे मी अभ्यास करून आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांगत आहे. खाली पूर्ण नावानिशी सही केली.

भरतेशने कागद दोनदा वाचला. तारीख राहिलीय म्हणाला, आणि तो पुन्हा बहिणीपुढे सरकवला.